हृदयातील वीज : एका तक्त्याचे परीक्षण

या पानांवर पुस्तकांची परीक्षणे येतात, तक्त्यांची सहसा येत नाहीत. वास्तविक पुस्तक विद्यार्थ्याजवळ एक वर्ष राहते. तक्ता मात्र वर्गाच्या भिंतीवर दहा-दहा वर्षे टांगलेला असतो आणि एकामागून एक तुकड्या त्याच्याकडे पाहत पुढे सरकतात. म्हणून या वेळी आम्ही एक तक्ता परीक्षणासाठी घेतला आहे. हृदयाची विद्युतयंत्रणा दाखवणारा हा तक्ता सोलापूरच्या नवी पेठेत शालेय साहित्याच्या दुकानातून विकत घेतलेला आहे. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवांविषयी लिहायचे आहे त्या एकट्या त्याच्या नाहीत. हीच चित्रे आणि हीच विधाने अनेक तक्त्यांत, मार्गदर्शकांत आणि आपल्या स्वतःच्या तासांतही आढळतात.

आधी चांगले काय, ते सांगू. उजव्या अलिंदाच्या वरच्या बाजूचा गतिप्रेरक म्हणजे एस. ए. नोड, तेथून अलिंदांत पसरणारी लाट, ए. व्ही. नोडपाशी होणारा सुमारे एक दशांश सेकंदाचा विलंब, मग हिसचा जुडगा, त्याच्या दोन शाखा आणि पुरकिंजे तंतू हा मार्ग अचूक काढला आहे. रंग स्वच्छ आहेत आणि नावे शेवटच्या बाकावरूनही वाचता येतात. वीज ‘कोठून कोठे’ जाते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तक्ता उत्तम आहे.

पण विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो वेगळाच असतो : ही वीज येते कोठून? येथे तक्ता गडबडतो. गतिप्रेरकाच्या जागी त्याने बॅटरीचे चित्र काढले आहे, पुरकिंजे तंतू तांब्याच्या तारांसारखे रंगवले आहेत आणि एका कोपऱ्यात सांगितले आहे की सोडियम-पोटॅशियम पंप ही वीज निर्माण करतो. या तिन्ही गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट तारांची. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीच्या दिशेने सरकतात आणि संदेश जवळजवळ प्रकाशाच्या वेगाच्या पंक्तीतला असतो. पुरकिंजे तंतूंत हाच संदेश सेकंदाला २ ते ४ मीटर जातो, निलयाच्या स्नायूत मीटरभर किंवा त्याहून कमी, आणि ए. व्ही. नोडमध्ये तर सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर. हा फरक नुसत्या वेगाचा नाही, प्रकाराचा आहे. हृदयात मुख्य हालचाल पेशीपटलाच्या आरपार, म्हणजे बाहेरून आत आणि आतून बाहेर होते. एक पेशी उद्दीपित झाली की शेजारच्या पेशीला जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून थोडा प्रवाह पुढे जातो. तेवढ्याने शेजारीण जागी होते आणि पुढचे काम स्वतःच्या साठ्यावर करते. तारेपेक्षा उपमा द्यायचीच तर वाळलेल्या कडब्याला लागलेल्या आगीची द्यावी. प्रत्येक ताट आपलेच इंधन जाळते आणि शेजारच्या ताटाला फक्त ठिणगी देते. जळालेला भाग लगेच पुन्हा पेटत नाही, म्हणून आग मागे फिरत नाही. हृदयपेशीचेही तसेच आहे, मात्र ती सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात पुन्हा ‘कोरडी’ होऊन तयार असते. उपमा इथपर्यंतच चालते, पण तारेपेक्षा पुष्कळच पुढे नेते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. वर्गात ‘सजीवांतील वीज’ म्हणून लिंबात जस्ताची व तांब्याची पट्टी खोचून दाखवण्याची पद्धत आहे. प्रयोग सुंदर आहे, पण त्यातली ऊर्जा जस्त झिजण्यातून येते. लिंबू केवळ आम्ल पुरवते. पेशीत धातू नाही आणि पट्ट्याही नाहीत. तेथे आहे एक पातळ पटल, दोन्ही बाजूंना निरनिराळ्या प्रमाणात विरघळलेले क्षार आणि पटलात निवडक आयनांनाच जाऊ देणारी प्रथिनांची दारे. या दारांना चॅनेल म्हणतात. निलयाच्या पेशीत पोटॅशियम दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल, तर बाहेर ४ च्या आसपास. सोडियमचे नेमके उलट : बाहेर १४०, आत १० च्या आसपास. कॅल्शियम बाहेर मिलिमोलच्या घरात आणि विश्रांतीच्या वेळी आत त्याच्या दहा हजारांश किंवा त्याहूनही कमी.

विश्रांत पेशीची दारे प्रामुख्याने पोटॅशियमसाठी उघडी असतात. म्हणून पोटॅशियम बाहेर झिरपते. त्याचे ऋणप्रभारित जोडीदार म्हणजे प्रथिने आणि फॉस्फेटे आकाराने मोठी, ती आतच अडकतात. परिणामी आतली बाजू ऋण होते आणि ती बाहेर निघालेल्या पोटॅशियमला मागे खेचू लागते. संहतीची ढकल आणि विजेची ओढ समान झाली की निव्वळ झिरपणे थांबते. हा तोल किती व्होल्टला साधेल हे लॉगॅरिथमच्या कोष्टकावरून काढता येते. शरीराच्या तापमानाला ६१.५ गुणिले, बाहेर-आतल्या संहतींच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम. पोटॅशियमसाठी उत्तर येते उणे ९५ मिलिव्होल्ट, सोडियमसाठी अधिक ७०. प्रत्यक्ष पेशी विश्रांतीत उणे ८५ ते उणे ९० वर असते, कारण थोडेसे सोडियमही आत झिरपते. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे गणित एकदा स्वतः करावे. बॅटरीचे चित्र मग आपोआप गळून पडते.

आकडा लहान वाटतो म्हणून मुले हसतात. त्यांना सांगावे की पटलाची जाडी ७-८ नॅनोमीटर आहे. एवढ्याशा अंतरात ९० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात.

तिसरी गोष्ट पंपाची, आणि आमच्या मते तक्त्यातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी शोधलेला हा पंप ए.टी.पी. खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. या कामाबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तीन बाहेर, दोन आत या विषमतेमुळे पंपाचा थेट वाटा पडतो, पण तो मोजक्या मिलिव्होल्टचा. पंप बंद पाडला तर पेशीचा व्होल्टेज त्या क्षणी कोसळत नाही. संहतींतला फरक विरत जातो तसतसा उतरतो. सोलापूरकरांना पंप आणि टाकी यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. नळाला पाणी येते ते टाकीच्या उंचीमुळे. पंप टाकी भरून ठेवतो, एवढेच. पंप बंद पडला तरी टाकी रिकामी होईपर्यंत नळ चालतो. तक्त्याने पंपालाच नळ म्हटले आहे.

आता प्रत्यक्ष ठोका. तक्त्यात दोन बाण आहेत : सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. ते पाहून विद्यार्थ्याची समजूत होते की दोघांची अदलाबदल होऊन संहती समान होते आणि पंप प्रत्येक ठोक्यानंतर सारे परत आणून ठेवतो. येथेही गणितच मदतीला येते. निलयाची पेशी १०० मायक्रोमीटर लांब, २० रुंद आणि १५ जाड अशी काडी समजू. तिच्या पटलाची विद्युतधारिता साधारण १५० पिकोफॅरड असते. व्होल्टेज उणे ९० वरून अधिक ३० वर न्यायला किमान सुमारे ११ कोटी सोडियम आयन आत यावे लागतात. संख्या प्रचंड वाटते. पण त्याच पेशीत आधीच सुमारे १८,००० कोटी सोडियम आयन असतात. म्हणजे भर पडली हजारात एकाहूनही कमी. प्रत्यक्षात प्रवाह एकमेकांवर चढत असल्याने आकडा याहून मोठा भरतो, तरी निष्कर्ष बदलत नाही : एका ठोक्यात संहती जवळजवळ जागच्या जागी राहतात, व्होल्टेज मात्र पूर्ण उलटतो.

दोन बाणांचे हे चित्र मुळात मज्जातंतूचे आहे. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलाच्या जाड मज्जातंतूवरून ते मांडले आणि तेथे ते बरोबरच आहे. तेथला स्पंद एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. निलयाच्या पेशीतला स्पंद २०० ते ३०० मिलिसेकंद टिकतो. सोडियम आत येऊन व्होल्टेज उसळल्यावर तो लगेच खाली येत नाही, एका पठारावर रेंगाळतो. या पठारावर कॅल्शियम सावकाश आत येत असते आणि पोटॅशियम तेवढ्याच बेताने बाहेर जात असते. कॅल्शियमची दारे मिटली आणि पोटॅशियमची आणखी उघडली की पेशी पुन्हा विश्रांतीला येते. डेनिस नोबल यांनी १९६० साली हॉजकिन-हक्सलींची समीकरणे हृदयाच्या पुरकिंजे तंतूंसाठी बदलून हा लांब स्पंद संगणकावर उभा केला.

पठाराचा उपयोग काय? दंडाच्या स्नायूला झटपट संदेश देत राहिलो तर तो आखडून राहतो. हृदय असे आखडले तर त्यात रक्त भरणारच नाही. पठार चालू असेपर्यंत पेशी नवा संदेश स्वीकारत नाही, आणि तोवर आकुंचन उतरणीला लागलेले असते. शिवाय पठारावर आत आलेले कॅल्शियम पेशीतल्या साठ्यातून आणखी कॅल्शियम सोडवते आणि त्यानेच तंतू आकसतात. वीज आणि आकुंचन यांना जोडणारा दुवा तो हा. आणि आमच्या तक्त्यावर कॅल्शियम हा शब्दच नाही!

ही उणीव अधिक खटकते, कारण या विषयाचा इतिहास कॅल्शियमपासूनच सुरू होतो. १८८२-८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते आणि ते छान धडधडत होते. पुढे उलगडा झाला की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर लंडनच्या नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हा फरक होता. सलाइनच्या बाटलीवर दिसणारे ‘रिंगर’ हे नाव त्यांचेच. प्रयोगशाळेतली एक ‘अस्वच्छता’ शोधाला कारण झाली, ही गोष्ट तक्त्याच्या एका कोपऱ्यात सहज मावली असती.

गतिप्रेरकाच्या जागी बॅटरीऐवजी काय हवे होते? एस. ए. नोडच्या पेशी उणे ६० मिलिव्होल्टच्या खाली फारशा जात नाहीत आणि तेथे स्थिरही राहत नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर त्यांची काही दारे उघडून सोडियम हळूहळू आत झिरपू लागते. इतर दारे व्होल्टेज चढताना उघडतात. ही उतरल्यावर उघडतात. या उफराट्या वागण्यामुळेच १९७९ साली ब्राउन, दिफ्रान्चेस्को आणि नोबल यांनी वर्णिलेल्या या प्रवाहाला ‘फनी करंट’ म्हणजे चमत्कारिक प्रवाह असे नाव पडले. पेशीतल्या साठ्यातून ठरावीक काळाने सुटणारे कॅल्शियमही या चढणीला हातभार लावते. दोहोंचा वाटा किती, याविषयी संशोधकांत अजून वाद आहे. उंबरठा गाठला की येथे सोडियम नव्हे, कॅल्शियम उसळी देते. स्वतःवर सोडला तर हा नोड मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. व्हेगस मज्जातंतू त्याला आवरून सत्तरच्या आसपास ठेवतो. म्हणूनच प्रत्यारोपित हृदय मज्जातंतू तुटलेले असूनही धडधडते, आणि बहुधा थोडे जलदच.

तक्त्याखाली ई.सी.जी.ची पट्टी छापली आहे, तीही पेशीचाच स्पंद असावा अशा रीतीने. पेशीचा बदल सुमारे १२० मिलिव्होल्टचा, तर छातीवर मिळणारी सर्वांत उंच रेघ साधारण एका मिलिव्होल्टची. ई.सी.जी. ही कोट्यवधी पेशींच्या लाटेची दुरून दिसणारी सावली आहे. एक ओळ खाली लिहिली असती तर घोटाळा टळला असता.

कोणी म्हणेल, तपशिलाच्या चुका आहेत, शाळेत चालायच्याच. आम्हांला तसे वाटत नाही. स्पष्टीकरण बरोबर की चूक हे ते किती सोपे आहे यावर ठरत नाही; त्यातून पुढच्या प्रश्नाचे उत्तर निघते का, यावर ठरते. चार प्रश्न घेऊन तक्त्याची परीक्षा पाहू.

पहिला प्रश्न : मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला डॉक्टर शहाळे आणि केळी जपून खायला का सांगतात? बॅटरी आणि तारा यांतून उत्तर निघत नाही. आयनांतून निघते. बाहेरचे पोटॅशियम ४ वरून ८ झाले, तर आपल्या सूत्राने तोल उणे ९५ वरून उणे ७६ वर येतो. पेशी कायमची अर्धवट जागी राहते, सोडियमची दारे अडकून बसतात, लाट मंदावते आणि ठोका बिघडतो. हाच परिणाम मुद्दाम घडवून शल्यविशारद शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवतात. मेलरोज यांनी १९५५ साली त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट वापरले. एकही ‘तार’ न तोडता हृदय थांबते आणि पोटॅशियम धुऊन काढले की पुन्हा सुरू होते. उलट हगवणीत पोटॅशियम फार कमी झाले तरी धोका असतो. म्हणूनच जलसंजीवनीच्या पुडीत साखर-मिठाबरोबर पोटॅशियम क्लोराइड असते.

दुसरा प्रश्न कण्हेरीचा. देवळाच्या आवारात आणि रस्त्याकडेला लाल-पांढरी कण्हेर असते, तशीच पिवळी, जिला बिट्टी म्हणतात. या झाडांतील विषे सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली वर्णिलेल्या डिजिटॅलिस या औषधाची क्रिया याच जातीची. पंपच वीज करत असता, तर पंप अडताच हृदय निमूट थांबायला हवे. प्रत्यक्षात योग्य मात्रेत डिजिटॅलिसने ठोका जोरकस होतो आणि विषबाधेत तो मंद, अनियमित, कधी बेफाम होतो. कारण साखळीत आहे : पंप अडला की आत सोडियम साठते, सोडियमच्या उतारावर कॅल्शियम बाहेर काढणारी देवघेव मंदावते, आत कॅल्शियम वाढते. थोडे वाढले तर आकुंचन जोरदार, फार वाढले तर अवेळी ठोके. श्रीलंकेत बिट्टीच्या विषबाधेवर डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे उपयोगी ठरल्याची चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. आपल्या मुलांना एवढे तरी ठाऊक हवे की बिट्टीची फळे खेळायची नाहीत, आणि ती कोणी खाल्ली तर बरे वाटत असले तरी थेट रुग्णालयात न्यायचे.

तिसरा प्रश्न लाल विंचवाचा. त्याच्या विषातील काही घटक मज्जातंतूंतली सोडियमची दारे मिटू देत नाहीत. मज्जातंतू पेटलेलेच राहतात, अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो, रक्तदाब चढतो आणि हृदयावर असह्य भार पडून फुप्फुसांत पाणी होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे बारकाईने नोंदवली आणि रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. पुढे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे महाडमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. विंचू ‘उतरवणाऱ्या’कडे गेलेला वेळ हा या दारांना मिळालेला वेळ असतो. अंधश्रद्धेविरुद्ध नुसते भाषण करण्यापेक्षा हे दार फळ्यावर काढून दाखवणे आम्हांला अधिक परिणामकारक वाटते.

चौथा प्रश्न चित्रपटातला. पडद्यावर सरळ रेघ दिसते, डॉक्टर छातीवर विजेचा झटका देतात आणि हृदय सुरू होते. बॅटरी उतरली, बाहेरून चार्ज केली, असा तक्त्याशी जुळणारा अर्थ मुले काढतात. प्रत्यक्षात विद्युतझटका पूर्ण थांबलेल्या हृदयासाठी नसतो; निलयाच्या पेशी बेशिस्तपणे थरथरत असतात तेव्हा असतो. झटक्याने बहुतेक पेशी एकदम उद्दीपित होतात, एकदम विश्रांतीला येतात आणि मग गतिप्रेरकाला पुन्हा ताबा घेण्याची संधी मिळते. तोवर छाती दाबून रक्त फिरते ठेवणे हे काम शेजारी उभ्या असलेल्या कोणाही माणसाचे आहे. ‘यंत्र येईपर्यंत काही करता येत नाही’ ही समजूत माणसे दगावण्याचे कारण होऊ शकते.

चारही प्रश्नांत तक्ता नापास होतो. तो भिंतीवरून काढा असे आम्ही म्हणत नाही; मार्गाचा नकाशा म्हणून त्याला राहू द्यावे. बॅटरीवर मात्र कागदाची चिठ्ठी चिकटवावी आणि शेजारी हाताने काढलेला दुसरा कागद लावावा. त्यावर एकच पेशी हवी. आत पोटॅशियमचे पुष्कळ ठिपके, बाहेर सोडियमचे, कॅल्शियमचे मोजके ठिपके बाहेर, तीन रंगांची तीन दारे आणि बाजूला पंप, टाकी भरणाऱ्याच्या भूमिकेत. खाली पठार असलेला स्पंद आणि त्याच्या प्रत्येक वळणावर कोणते दार उघडले याची खूण.

एवढे मुलांना झेपेल का, ही शंका रास्त आहे. आठवीच्या वर्गाला तीन वाक्ये पुरतात. पेशीच्या आत आणि बाहेर क्षार वेगवेगळे असतात. दारे उघडली की ते उतारावरून वाहतात आणि त्यातून वीज होते. उतार टिकवायला पंप राबतो आणि त्यासाठी अन्न व प्राणवायू लागतो. ही वाक्ये बॅटरीच्या चित्रापेक्षा अवघड नाहीत, आणि पुढच्या वर्गात गेल्यावर त्यांतले एकही खोडावे लागत नाही. शालेय स्पष्टीकरणाची आमची कसोटी हीच आहे. शिक्षकांनी आपापल्या वर्गातले तक्ते या कसोटीवर एकदा घासून पाहावेत.